रेडिएटर नवा, तरी अंगणात हिरवे थेंब

कराडहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. थोडं कमी करून देतो :

“माझी नऊ वर्षं जुनी, पेट्रोलवरची छोटी गाडी आहे. रेडिएटर गळत होता म्हणून आमच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये नवा बसवला. मजुरीसकट साडेसहा हजार झाले. त्याला आता तीन आठवडे झाले. रोज सकाळी गाडीखाली तळहाताएवढा हिरवट डाग असतो. दर चार दिवसांनी बाटलीतलं कुलंट खालच्या खुणेच्या खाली जातं, मग मी घरच्या फिल्टरचं पाणी भरते. दोनदा गाडी दाखवली. शाळा सुटल्यावर पाचला जाते. ते बॉनेट उघडून बघतात आणि म्हणतात, ‘ताई, कुठंच लीक नाही. नवीन काम आहे, हवा निघतेय, पाणी टाकत राहा.’ बारा वर्षं त्यांच्याकडेच जातोय, सासरे त्यांना घरच्यासारखं मानतात, त्यामुळे मला जास्त बोलताही येत नाही. गाडीत टेंपरेचरचा काटा नाही, निळा दिवा लागतो आणि विझतो, तेवढंच. गणपतीला चिपळूणजवळच्या गावी जायचंय, कुंभार्ली घाटानं. चार माणसं आणि सामान. जावं का? आमची मांजर त्या डागापाशी घुटमळते, तिला हाकलून हाकलून दमले, तो वेगळाच ताप.”

ताई, गाडीचं नंतर बघू. आधी मांजर.

तो ताप वेगळा नाही, माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात गंभीर ओळ तीच आहे. कुलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या त्या हिरव्या द्रवात, इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड असतं, आणि विष असतं. मांजरीला चमचाभरसुद्धा पुरतं. कुत्र्याला, वासराला, रांगत्या मुलालाही धोका आहेच. पोटात गेल्यावर जनावर आधी दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खातं, ओकतं, मग थोडं सावरल्यासारखं वाटतं, आणि एक-दोन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात. मधल्या त्या सावरण्यानंच माणसं फसतात. उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांतच उपयोगी पडतो. तिनं चाटलं असा नुसता संशय आला तरी सकाळपर्यंत थांबू नका, सरळ जनावरांच्या डॉक्टरकडे न्या आणि ‘कुलंट चाटलंय’ हे शब्द वापरा. डागावर लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाकून ते शोषून घ्या, पिशवीत बांधून टाका, मग ती जागा साबणाच्या भरपूर पाण्यानं धुवा. दुरुस्ती होईपर्यंत गाडीखाली जुनी पत्र्याची परात ठेवा आणि मांजर बाहेर पडायच्या आत ती उचला. आणि उरलेलं कुलंट कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवलं असेल, तर हे वाचून झालं की पहिलं काम म्हणजे ती बाटली कुणी पिणार नाही अशा जागी हलवा.

आता गाडी.

तुमचे मिस्त्री खोटं बोलत आहेत असं मला वाटत नाही. त्यांना लीक दिसत नाही हे खरं असणार, आणि लीक आहे हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, कारण तुम्ही गाडी दाखवता संध्याकाळी पाचला आणि गाडी गळते पहाटे.

रबराची होज पाइप नऊ वर्षांची. तिचं तोंड जुन्या रेडिएटरच्या नळीवर बसून बसून त्याच आकाराचं झालेलं, आणि कडकही झालेलं. नव्या रेडिएटरची नळी केसभर वेगळी असली तरी ती तिथं पूर्वीसारखी धरत नाही. गाडी चालून आली की रबर गरम होऊन फुगतं, मऊ होतं, घट्ट बसतं. मिस्त्री बॉनेट उघडतात तेव्हा सगळं कोरडं. रात्री इंजिन थंड झालं की रबर, प्लॅस्टिक, धातू आपापल्या मापानं आकसतात, क्लिपखाली बारीक फट पडते आणि रात्रभर थेंब थेंब गळतं. याला थंड लीक म्हणतात. याच्या उलट काही लीक फक्त गरम असताना, दाब चढल्यावर होतात. ते थेंब गरम भागावर पडून जागच्या जागी वाळतात, जमिनीवर काहीच दिसत नाही, फक्त पांढरट-हिरवट खपली धरते. तुमचा डाग सकाळचा आहे. म्हणजे माझा पहिला संशय होज पाइपच्या जोडांवर आणि त्यांच्या क्लिपांवर.

दुसरा संशय रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यातल्या ड्रेन प्लगवर. तो प्लॅस्टिकचा असतो, आत रबरी रिंग असते. रिंग पिळली गेली किंवा बुच कमी-जास्त आवळलं की तिथून झिरपतं. हे मी पुस्तकातून सांगत नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या गाडीचं हेच बुच मी ‘अजून थोडं’ म्हणत पक्कडीनं आवळलं आणि रेडिएटरच्या टाकीला तडा गेला. नवा रेडिएटर माझ्या खिशातून बसवला. तेव्हापासून प्लॅस्टिकच्या बुचाला पक्कड लावत नाही.

तिसरं, झाकण. रेडिएटरचं झाकण म्हणजे नुसतं बुच नव्हे, तो दोन बाजूंचा वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह आहे. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तेवढे बार दाब ते आत धरून ठेवतं. कुलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असलं तर उघड्या भांड्यात ते साधारण १०७ अंशांना उकळेल, झाकणाच्या दाबाखाली १२५च्या पुढे. घाटात इंजिन तापतं तेव्हा हाच मधला फरक तुम्हाला वाचवतो. झाकणाचं रबर गेलं, किंवा कुठंही बारीक लीक असलं, की हा दाब टिकत नाही. म्हणजे प्रश्न फक्त सांडलेल्या कपभर कुलंटचा नाही. उरलेलंही लवकर उकळतं. नवा रेडिएटर आणि जुनंच झाकण, असं झालंय का ते विचारा.

आणि मिस्त्रींच्या बाजूनं एक गोष्ट. जुना रेडिएटर गळत होता तोवर गाडीत पूर्ण दाब कधी चढतच नव्हता. आता नवा बसल्यावर दाब पूर्ण चढतो आणि तोवर कशीबशी तग धरून असलेली दुसरी जुनी जागा वाहायला लागते. ती बहुतेक वेळा वॉटर बॉडी, म्हणजे कुलंट फिरवणारा पंप असते. तिच्या अंगावर मुद्दाम ठेवलेलं एक बारीक छिद्र असतं. आतलं सील गेलं की तिथून थेंब येतात, म्हणजे ती सांगतेय की माझे दिवस भरले. तसं निघालं तर त्या पार्टचे पैसे तुम्ही द्यायला हवेत, ती त्यांची चूक नाही. होज, क्लिप, बुच किंवा नव्या रेडिएटरचाच जोड निघाला, तर मात्र पैशाचा विषयच नको.

‘हवा निघतेय’ हेही अर्धं खरं आहे. रेडिएटर बदलताना सगळं कुलंट काढावं लागतं, भरताना आत हवा अडकते, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत गाडी तापून निवली की ती निघून पातळी थोडी खाली येते. एकदा भरलं की संपलं. दोन-तीन दिवसांचं कारण तीन आठवडे पुरत नाही. शिवाय हवा निघाल्यानं जमिनीवर हिरवा डाग कसा पडेल? डाग एसीच्या पाण्याचाही नाही. ते रंगहीन, बिनवासाचं असतं आणि बोटांना बुळबुळीत लागत नाही.

तुम्ही पाणी भरत राहिलात त्याचाही हिशेब मांडू. छोट्या गाडीत साडेचार लिटरच्या आसपास कुलंट मावतं. तुम्ही दर चार दिवसांनी सुमारे ३०० मिली भरलंत असं धरलं, तर तीन आठवड्यांत पाच वेळा, म्हणजे दीड लिटर. दरवेळी गळतं ते मिश्रण आणि जातं ते साधं पाणी. निम्म्याचं कुलंट आतापर्यंत ३५ टक्क्यांवर आलं असेल. गंजाला अडवणारी द्रव्यं त्याच प्रमाणात घटली. फिल्टरचं पाणी निदान बोअरच्या पाण्यापेक्षा बरं. बोअरच्या क्षारांनी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चहाच्या पातेल्यासारखा थर बसतो. तरी लीक थांबल्यावर सगळं काढून नवं भरून घ्याच. आणि रंग बघून कुलंट घेऊ नका. हिरवं, लाल, गुलाबी हा फक्त कंपनीनं घातलेला रंग आहे, त्यावरून आतली जात कळत नाही; दोन जाती एकत्र झाल्या तर कधी कधी गाळ धरतो. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घ्या, आणि कॅनवर ‘थेट वापरा’ आहे की ‘पाणी मिसळा’ हे वाचा.

तुम्ही बाटली बघता, पण रेडिएटर बघता का? तुमच्या गाडीत रेडिएटरला वेगळं झाकण आणि बाजूला साधी बाटली अशी रचना असेल, तर बाटली फसवू शकते. इंजिन निवताना रेडिएटरनं बाटलीतून कुलंट परत ओढायचं असतं. पण लीक असेल तर तो त्या फटीतून हवा ओढून घेतो. बाटली भरलेली, रेडिएटर वरून रिकामा. म्हणून सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, रेडिएटरचं झाकण उघडून आत बघा. कुलंट काठाशी दिसायला हवं. फक्त सकाळीच. गाडी चालून आल्यावर ते झाकण उघडलं तर दाब एकदम सुटून उकळतं कुलंट तोंडावर येतं. आमच्या धंद्यात असे भाजलेले हात मी बरेच पाहिलेत. बॉनेटखाली वाकताना पदर, ओढणी खोचून घ्या. इलेक्ट्रिक पंखा काही गाड्यांत चावी काढल्यावरही अचानक सुरू होतो.

निळ्या दिव्याचंही नीट समजून घ्या. निळा म्हणजे इंजिन अजून थंड, विझला म्हणजे नेहमीचं तापमान, आणि लाल म्हणजे जास्त तापलं. मधली पायरीच नाही. त्यातून वाईट असं, की हा दिवा चालवणारा सेन्सर कुलंटमध्ये बुडालेला असावा लागतो. कुलंट बरंच गेलं आणि सेन्सर कोरडा पडला की तो खरं तापमान सांगतच नाही. दिवा शांत, आणि इंजिन तापून हेड, म्हणजे इंजिनचा वरचा धातूचा भाग, वाकलेलं. तेव्हा ‘लाल लागला नाही, म्हणजे ठीक आहे’ असं तुमच्या गाडीत तरी धरू नका. त्यापेक्षा बरी खूण हीटर देतो. इंजिन गरम असताना हीटर पूर्ण लावूनही थंड वारा येत असेल, तर आत कुलंट कमी आहे किंवा हवा अडकली आहे.

या रविवारी काय करायचं ते सांगतो. शनिवारी रात्री गाडी सपाट जागी उभी करा. बाटलीवर चिकटपट्टी लावून पातळीची रेघ मारा, तारीख लिहा. गाडीखाली पुठ्ठ्याचं मोठं खोकं उलगडून पसरा आणि त्यावर पुढच्या चाकांच्या जागा खडूनं आखा. सकाळी डाग कुठं पडलाय ते दिसेल : पुढं रेडिएटरच्या खाली, कोपऱ्यात बुचाखाली, की मागं पट्ट्याच्या बाजूला वॉटर बॉडीखाली. थेंब वाहत दुसरीकडे जाऊन पडतो, त्यामुळे ही खूण पक्की नाही, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं. इंजिन सुरू न करता टॉर्च घेऊन होजच्या जोडांभोवती खपली दिसते का बघा. फोटो काढा. डाव्या बाजूच्या पायाखालचं मॅटिंग ओलं नाही ना, काच आतून तेलकट धुरकट होत नाही ना, गोड वास येत नाही ना, हेही बघून टाका; तसं असेल तर गळती डॅशबोर्डच्या आत हीटरला आहे आणि काम मोठं आहे. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं, किंवा गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत राहिला, तर गाडी चालवत नेऊ नका, ओढून न्या. पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली थोडी साय धरते, तिला घाबरू नका; डिपस्टिकचं खरं.

मग पुठ्ठा आणि फोटो घेऊन गॅरेजमध्ये जा. भांडायला नाही. असं म्हणा : “दादा, ही सकाळी थंड असताना गळते, म्हणून तुम्हाला दिसत नाही. आज संध्याकाळी गाडी ठेवून जाते. उद्या सकाळी सुरू न करता प्रेशर लावून बघा, मी शाळेआधी येते.” यात त्यांचा अपमान नाही आणि पळवाटही नाही. प्रेशर टेस्टर म्हणजे सायकलच्या पंपासारखा हातपंप. तो झाकणाच्या जागी बसतो. झाकणावरच्या आकड्याइतकाच दाब भरायचा, जास्त नाही, आणि पंधरा-वीस मिनिटं काटा बघायचा. काटा उतरला तर लीक आहे, आणि दाब असताना ते ओलंही दिसतं. झाकण वेगळं तपासायचं. त्यांच्याकडे टेस्टर नसेल तर रेडिएटरचं काम करणाऱ्या दुकानात असतो. ‘आम्हाला नजरेनंच कळतं’ असं म्हणाले, तर पुठ्ठा पुढे करा.

होज निघाली तर फक्त क्लिप आवळून घेऊ नका. नऊ वर्षांच्या वरच्या-खालच्या दोन्ही होज नव्या घाला, क्लिपांसकट. पूर्ण रकमेच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे, आणि पहिल्या वेळीच रेडिएटरबरोबर व्हायला हवा होता. याबाबतीत मी मिस्त्रींना दोष देईन.

तीन गोष्टींना मात्र नाही म्हणा. एक, हळद. जुने लोक रेडिएटर गळला की आत मूठभर हळद टाकायचे, ट्रकवाले अजूनही टाकतात. जाड पितळी रेडिएटरात सुईएवढं भोक ती बुजवायची आणि गाडी गावापर्यंत यायची. तुमच्या ॲल्युमिनियमच्या रेडिएटरातल्या आणि हीटरमधल्या नळ्या इतक्या बारीक की हळद आधी त्याच बुजवेल. बाटलीत मिळणारं लीक बंद करायचं औषध ही त्याच हळदीची इंग्रजी शिकलेली बहीण. दोन, ‘थर्मोस्टॅट काढून टाकू’. तो म्हणजे कुलंटच्या वाटेवरची झडप. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, इंजिनला वेळेत तापवतो. काढला की इंजिन कायम थंड धावतं, पेट्रोल जास्त खातं, आणि लीक होतं तिथंच राहतं. तीन, ‘पंखा डायरेक्ट करू’, म्हणजे तो कायम चालू ठेवू. तोही ताप उतरवून रोग लपवायचा प्रकार.

बिलाबद्दल थोडक्यात. दुरुस्तीचं पक्कं बिल नसेल तर आता मागून घ्या, त्यावर रेडिएटर कुठल्या कंपनीचा आणि वॉरंटी किती ते लिहून घ्या. नात्यातल्या गॅरेजमध्ये बिल मागणं म्हणजे अविश्वास, असं आपल्याकडे उगाच मानतात. गोष्ट अगदीच हाताबाहेर गेली तर सदोष सेवा ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीची बाब आहे आणि ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तुमच्या पत्रावरून मला वाटत नाही की तिथवर जावं लागेल.

आता कुंभार्ली. जाताना तुम्हाला काही जाणवणार नाही. कराडहून पाटण, कोयनानगर, हेळवाकपर्यंत रस्ता हळूहळू चढतो आणि मग घाट उतरतो. उतरताना इंजिनावर जोर नसतो. जे काय होईल ते परतताना, घाटाच्या पायथ्याची पोफळी सोडल्यावर. चार माणसं, सामान, त्यात गावाकडून निघालेले नारळ आणि तांदूळ, पुढे ट्रक, पहिला-दुसरा गिअर, एसी चालू, आणि गाडीचा वेग कमी म्हणून रेडिएटरला वाराही कमी. अर्धवट गळणारी गाडी शहरात तीन आठवडे चालली म्हणून तो चढ चढेल असं नाही.

म्हणून : दुरुस्तीनंतर सलग सात सकाळी पुठ्ठा कोरडा आणि चिकटपट्टीवरची पातळी जागच्या जागी, तर खुशाल जा. पहिल्या दोन-तीन दिवसांतला किंचित उतार सोडून द्या. सात दिवस मिळत नसतील, किंवा एकही थेंब दिसला, तर एसटीनं जा. गणपतीत जादा गाड्या सुटतात, गर्दी असते, पण घाटात वाफ सोडत उभ्या असलेल्या गाडीशेजारी पावसात छत्री धरून बसण्यापेक्षा ती गर्दी बरी.

गेलातच आणि चढावर लाल दिवा लागला, किंवा बॉनेटमधून गोड वास आला, तर एसी लगेच बंद, हीटर पूर्ण, आणि पहिल्या सुरक्षित रुंद जागी थांबून इंजिन बंद. ‘वरपर्यंत तरी जाऊ’ म्हणून पुढं रेटू नका. हेड वाकतात ती त्याच दोन किलोमीटरमध्ये. चाकामागं दगड लावा, बॉनेट उघडा, झाकणाला हात नाही. पाऊण तास तरी थांबा. वरची होज हातात धरवते इतकी निवली की मगच फडकं धरून झाकण सैल करा आणि कुलंट किंवा पाणी हळूहळू ओता. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर धातूला तडा जाऊ शकतो. तयार कुलंटचा एक लिटरचा कॅन आणि पाण्याच्या दोन बाटल्या डिकीत ठेवाच, पण सामानाच्या वर.

सात दिवसांनी काय झालं ते कळवा. गाडीच्या आधी मांजरीचं लिहा.